अवघड वाजवणं, अवघड ऐकणं

सोलापुरात गिटार शिकणारी दोन पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती स्पीडला वाजवतो बे?" उत्तर आकड्यात द्यायचं. १४०, १६०, एखादा थापाड्या असेल तर २००. मोबाइलमधला मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं ॲप, मिनिटाला तेवढ्या ठोक्यांवर लावायचा, एका ठोक्यात चार सूर स्वच्छ बसले की पोरगा पास. दुसरा प्रश्न, ड्रीम थिएटरचं काय बसवलंस? 'द डान्स ऑफ इटर्निटी'ची सुरुवात जरी कुणी अडखळत वाजवून दाखवली तरी क्लासमध्ये त्याचा वट वाढतो. ओपेथचं काय बसवलंस, असं मात्र कुणी विचारत नाही. ओपेथ ऐकणारे इथे आहेत, आणि कट्टर आहेत. पण चारचौघांत दाखवायला त्यांच्याकडे काही नसतं.

हे दोन्ही बँड माझे लाडके. कॉलेजात असताना एमपीथ्री भरलेल्या एकाच सीडीवरून दोन्ही हाती लागले, त्यामुळे एकाशीच इमान राखायचा प्रश्न आला नाही. तरी 'कोण भारी' हा वाद मीही पुष्कळ घातलाय, आणि घालून घालून माझं असं मत झालंय की या वादाच्या मुळाशी आपण संगीताला मार्क कसे देतो हा प्रश्न आहे. ड्रीम थिएटर वाजवायला अवघड आहे. ओपेथ ऐकायला अवघड आहे. पहिल्या अवघडपणाला आपल्याकडे टाळ्या आहेत, बक्षीस आहे, क्लासची फी आहे. दुसऱ्याला काहीही नाही. आणि त्यात तोटा आपलाच आहे.

ज्यांनी या दोघांची नावंही ऐकलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडी ओळख. १९७० च्या आसपास किंग क्रिम्सन, येस, जेनेसिस वगैरे इंग्लिश मंडळींनी रॉकमध्ये लांबलचक रचना, विषम मात्रांचे ठेके आणि शास्त्रीय संगीतातली मांडणी आणली. पुढे त्यात मेटलच्या, म्हणजे रॉकच्याच जास्त कडक प्रकाराच्या, जड गिटारी मिसळल्या आणि प्रोग्रेसिव्ह मेटल तयार झालं. ड्रीम थिएटर हा त्यातला अमेरिकन बँड. जॉन पेट्रुची (गिटार), जॉन म्यंग (बास) आणि माइक पोर्टनॉय (ड्रम) या तिघा विद्यार्थ्यांनी १९८५ मध्ये बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात तो सुरू केला. ओपेथ स्टॉकहोमचा, १९९० च्या सुमारासचा, आणि तेव्हापासून आजपर्यंत व्यवहारात एका माणसाच्या डोक्यातून चाललेला: मिकाएल ओकरफेल्ट. गाणी त्याची, आवाज त्याचा, गिटारही त्याची. एक बँड महाविद्यालयात जन्मला आणि दुसरा तळघरात कॅसेटी ऐकून, एवढं म्हटलं तरी अर्धी गोष्ट कळते. अर्धीच, कारण पुढे हे सूत्र दोघांनीही मोडलं.

आधी ड्रीम थिएटर. 'द डान्स ऑफ इटर्निटी' हा १९९९ च्या 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' या अल्बममधला साडेसहा मिनिटांच्या आतला तुकडा. गायन नाही, फक्त वाद्यं. त्यात शंभराहून जास्त वेळा मात्रांचं गणित बदलतं. मध्येच बँडचा कीबोर्डवाला जॉर्डन रुडेस जुन्या अमेरिकन रॅगटाइम धाटणीचा पियानो वाजवतो, जणू कुणी भलत्याच खोलीचं दार उघडून पुन्हा लावून घेतलं. मग म्यंगचा बास एकटा पुढे येतो, आणि पुन्हा सगळे मिळून एकाच धावत्या ओळीवर. रूपक, झपताल, दीपचंदी ऐकून वाढलेल्या कानाला सात किंवा दहा मात्रांचं काही वाटत नाही; भजनी मंडळातल्या तबलजीलाही ते जमतं. पण आपल्याकडे ताल एकदा धरला की धरला. गवई आत कितीही लपंडाव खेळो, सम जागेवर असते. इथे समच पळते. तुम्ही पाच मोजत असता आणि तोवर सात सुरू झालेलं असतं. पहिल्यांदा हे ऐकताना पट्टीचा तबलजीही मोजणं सोडून देतो आणि नुसता हसतो, हे मी पाहिलंय.

याला 'कसरत' म्हणून हिणवणारे पुष्कळ आहेत. "सगळं डोक्यातून, काळजातून काहीच नाही." पुण्या-मुंबईहून आलेल्या जाणकारांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते स्वतः ऐकून बोलतात की दुसऱ्याचं उचलून, याची शंका येते. त्याच अल्बमवर, मध्ये एक गाणं सोडून, 'द स्पिरिट कॅरीज ऑन' आहे. मेल्यानंतर माणूस उरतो का, एवढाच विषय. कुणालाही दुसऱ्यांदा ऐकताना गुणगुणता येईल अशी चाल आणि शेवटी चर्चमधल्या गॉस्पेल पद्धतीचा कोरस. त्यात अवघड म्हणावं असं काही नाही.

पोर्टनॉयची गोष्ट तर या आरोपाला पुरून उरणारी आहे. हा माणूस दारूतून बाहेर पडला, आणि व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांवर त्याने २००२ ते २००९ या काळात सलग पाच अल्बमांवर एकेक गाणं लिहिलं. पाच गाणी मिळून बारा पायऱ्या पूर्ण होतात. सूर आणि ओळी एका गाण्यातून दुसऱ्यात झिरपत जातात, म्हणजे २००२ मधला रिफ (गिटारीवरची पुन्हा पुन्हा येणारी छोटी ओळ) २००९ मध्ये जुन्या ओळखीच्या माणसासारखा भेटतो. त्यातलं २००७ चं 'रिपेंटन्स' हे चौथं गाणं पश्चात्तापाचं. त्याच्या मध्यभागी वेगवेगळ्या संगीतकारांचे बोललेले माफीनामे एकावर एक ठेवलेत. त्यातला एक आवाज मिकाएल ओकरफेल्टचा आहे. आम्ही इकडे पार्क चौकातल्या चहावर दोन्ही बँडांच्या नावाने एकमेकांची कॉलर धरायच्या बेतात होतो, आणि तिकडे एकाच्या कबुलीजबाबात दुसरा येऊन बोलून गेला होता. २००८ मध्ये 'प्रोग्रेसिव्ह नेशन' नावाच्या दौऱ्यात हे दोन्ही बँड एकाच मंचावर अमेरिकाभर फिरले, ते वेगळंच.

तेव्हा ड्रीम थिएटरला काळीज नाही, हे मला मान्य नाही. माझी तक्रार दुसरी आहे. त्यांना मोकळी जागा सोडवत नाही. गायकाने ओळ संपवली की गिटार, गिटार थांबली की कीबोर्ड, मग दोघांची जुगलबंदी, मग दोघे मिळून एकच वेगवान धाव, आणि त्यानंतरच पुन्हा गायक. हा क्रम १९९२ च्या 'इमेजेस अँड वर्ड्स'मध्ये ताजा होता. पुढच्या अल्बमांत तो सवयीचा झाला. ऐकणाऱ्याला सगळं समोर आणून दिलेलं असतं: हा बघ सांधा, ही बघ गाठ, ही इथे सोडवली. त्यामुळे शिकणाऱ्याला हा बँड म्हणजे पर्वणी, आणि यात मी कुचेष्टा करत नाही. ज्या गावात या धाटणीचं वादन शिकवणारा माणूस मिळणं मुश्कील, तिथे ज्याचं सगळं काम उघड्यावर आहे असा बँड हाच गुरू होतो. पेट्रुचीच्या शिकवणीच्या व्हिडिओवरून बोटं फिरवायला शिकलेली पोरं मी इथे पाहिली आहेत. त्यांना कसरतीचे टोमणे मारणाऱ्यांनी एकदा गावात मास्तर शोधून दाखवावा.

आता ओपेथ. २००१ च्या 'ब्लॅकवॉटर पार्क'मधलं 'द ड्रेपरी फॉल्स' घ्या. जवळपास अकरा मिनिटं. सुरुवातीला अकूस्टिक गिटार आणि तिच्यावर रेंगाळणारी एक सुरावट, मग साधा, जवळजवळ थकलेला आवाज. चार-पाच मिनिटं हे इतकं सावकाश चालतं की नवखा माणूस गाणं बदलतो. तो थांबला असता तर त्याला कळलं असतं की तोच माणूस त्याच गाण्यात पोटातून गुरगुरायला लागतो. याला ग्राउल म्हणतात. वाद्यं कोसळतात, मग पुन्हा निवळतात, आणि शेवटी पहिली सुरावट परत येते. पण आता ती तीच वाटत नाही, कारण मधल्या वाटेवर आपण काय काय ऐकलंय. या गाण्यात बोटांना फार अवघड असं थोडंच आहे. मध्यम तयारीचा गिटारवाला ते महिन्याभरात बसवेल. ऐकणाऱ्याला मात्र ते अकरा मिनिटं बसवून ठेवतं, आणि धरून बसायला ध्रुवपदाचा आधारही देत नाही.

याहून मोठा नमुना पुढच्या वर्षीचा, 'डिलिव्हरन्स'. तेरा मिनिटांपेक्षा जास्त लांबीच्या या गाण्याचा शेवट म्हणजे एकच तुटक रिफ, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. ड्रमवर मार्टिन लोपेझ. गिटार आणि डबल बास ड्रम कुलपात किल्ली बसावी तसे एकमेकांत बसलेले. सुरुवातीला वाटतं, हे काय, रेकॉर्ड अडकली की काय. मग लक्षात येतं की लोपेझ दर फेरीत काहीतरी बारीक हलवतोय. इथे एक ठोका काढला, तिथे झांजेवरची टिचकी पुढे ढकलली. बदल इतका लहान की मोजायला गेलात तर हुकतो, ऐकत राहिलात तर अंगात भिनतो. ड्रीम थिएटरने एवढ्याच वेळात चाळीस कल्पना दिल्या असत्या. ओपेथ एकच देतो आणि सांगतो, बस इथेच. मला विचाराल तर सगळ्या मेटलमध्ये यापेक्षा धाडसी शेवट थोडे असतील, आणि त्यात वेगाचा आकडा सांगण्यासारखा काहीही नाही.

शेवटांचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन सांगतो, कारण दोघांचे स्वभाव त्यात उघडे पडतात. ड्रीम थिएटरचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'पुल मी अंडर' आठ मिनिटं चालतं आणि शब्दाच्या मध्येच कापल्यासारखं थांबतं. कॅसेट संपली असं वाटून माणसं उठून बघायची. ओपेथचं २००८ चं 'बर्डन' संपतं ते असं: एक जण अकूस्टिक गिटार वाजवतोय आणि त्याच वेळी दुसरा तिच्या खुंट्या पिळून तारा उतरवतोय. सूर हळूहळू वितळतात, बेसूर होतात, भेसूर होतात, आणि शेवटी कुणीतरी हसतं. आधी ते गाणं इतकं सुंदर रचायचं आणि मग स्वतःच्या हाताने त्याची माती करायची. असला खट्याळपणा ड्रीम थिएटरला सुचत नाही. त्यांचं काम नेहमी इस्त्री केलेलं असतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सोलापूरचा इथे काय संबंध? आवडीला गाव नसतं. मला हे पटत नाही. काय ऐकायला मिळतं यापेक्षाही कशात ऐकायला मिळतं याने आवड घडते. पूर्व भागातल्या एका मित्राकडे खाली यंत्रमाग आणि वर राहायची जागा. टॉवेलचं उत्पादन. त्याच्या खोलीत आम्ही गाणी ऐकायचो. खाली माग चालू असले की फरशीतून खटखट पायात यायची. तिथे ड्रीम थिएटर नीट ऐकू यायचं, कारण त्यांचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरलेला. ओपेथ लावलं की ग्राउल वर पोचायचं आणि मऊ भाग माग खाऊन टाकायचे. 'डॅम्नेशन' हा २००३ चा त्यांचा अल्बम तर पूर्ण शांत, एकही ग्राउल नाही, मेलोट्रॉन नावाचं जुनं कीबोर्ड आणि हलक्या गिटारी. तो तिथे लावणं म्हणजे लावलाच नाही असं. मागाची वीज गेली की तेवढं 'विंडोपेन' ऐकू यायचं. पण वीज गेली की टेपही बंद. मग आम्ही बॅटरीवरच्या प्लेअरला इअरफोन लावून एकेक कान वाटून घ्यायचो. त्या मित्राचं मत आजही "ओपेथ म्हणजे अर्धी गाणी गायब" असं आहे, आणि त्याच्या खोलीपुरतं ते खरंच होतं.

हेच पूर्ण शहराचं झालंय. आपल्याकडे मोठ्या आवाजाला जागेची वानवा नाही. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात, छातीचा पिंजरा हलतो, खिडक्यांच्या काचा वाजतात. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ची मर्यादा आहे, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हे आपण सगळे वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. त्याच शहरात चार पोरं भाड्याच्या खोलीत गाद्या लावून ड्रम वाजवायला लागली की संध्याकाळी सातला शेजारी दारात. मी शेजाऱ्यांना दोष देत नाही. ड्रम खरंच त्रास देतात. पण एक विसंगती बघा. आवाज मोठा म्हणून मेटल वाईट, असं म्हणणारं शहर आवाज मोठा नसलेलं संगीत तरी कुठे ऐकतं? हळू आवाजाची सवयच मोडली आहे. ओपेथची अडचण इथे ग्राउलपाशी नाहीच, ती त्यांच्या शांत भागांपाशी आहे.

ग्राउलबद्दल ठरलेली तक्रार असते की शब्द कळत नाहीत. ही तक्रार सोलापूरकराने करावी याची मला गंमत वाटते. आपण शाळेत मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात कन्नड आणि उर्दू ऐकत मोठे झालो. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा तेलुगू भजनांच्या किती ओळी आपल्यातल्या किती जणांना कळतात? तरी माणूस थांबतो, मान हलवतो. न कळणाऱ्या शब्दांवर आवाज म्हणून प्रेम करायचा सराव महाराष्ट्रात कुठल्या गावाला असेल तर तो आपल्याला आहे. ओपेथचा २०१९ चा अल्बम 'इन कॉडा वेनेनम' स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघाला. मी स्वीडिशच ऐकतो. एक अक्षर कळत नाही, पण ओकरफेल्टचा आवाज स्वतःच्या भाषेत जसा सैल सुटतो तसा इंग्रजीत सुटत नाही.

आता चाहत्यांकडे वळू, कारण मार्कांचं राजकारण तिथेच कळतं.

२०१० मध्ये पोर्टनॉयने ड्रीम थिएटर सोडलं. जागा भरायला बँडने सात नामांकित ड्रमवादकांची चाचणी घेतली आणि तिचं चित्रीकरण करून जगाला दाखवलं. निवड झाली माइक मँजिनीची. बर्कलीतच शिकवणारा मास्तर, आणि वेगवान ड्रमवादनाच्या स्पर्धांत विश्वविक्रम केलेला माणूस. आमच्या क्लासच्या कसोटीने बघितलं तर यापेक्षा आदर्श उमेदवार नाही: आकड्यांनी सिद्ध झालेला. त्याने तेरा वर्षं इमानाने वाजवलं, एक ठोका चुकवला नाही. बँडला पहिलं ग्रॅमी २०२२ मध्ये मिळालं तेही त्याच्याच काळात, 'द एलियन'साठी. आणि चाहते काय म्हणत होते? "यंत्रासारखा वाजवतो." २०२३ च्या ऑक्टोबरात पोर्टनॉय परतला तेव्हा जगभर दिवाळी झाली. पोर्टनॉयचे हात मँजिनीपेक्षा हळू आहेत, हे चाहत्यांनाही माहीत होतं. पण तो बँडचा माणूस होता, त्याच्या वाजवण्यात खोडी होती, गाण्याला तो ओढत न्यायचा. म्हणजे वेगाचे भक्त म्हणवणाऱ्यांनी निर्णायक वेळी वेगाला मत दिलंच नाही. मँजिनीवर त्यात अन्याय झाला असं मला वाटतं, पण मुद्दा तो नाही. तयारी मोजून संगीताची किंमत ठरते, हे ड्रीम थिएटरच्या दरबारातसुद्धा चाललं नाही.

ओपेथच्या चाहत्यांचं पाप वेगळं. २०११ मध्ये 'हेरिटेज' आला. ग्राउल गायब, जड गिटारी जवळपास गायब, सगळा १९७० चा वास. मुखपृष्ठावर एक झाड, त्याला फळांच्या जागी बँडमधल्या लोकांचे चेहरे, आणि बँड सोडून चाललेल्या कीबोर्डवाल्या पेर विबर्गचं डोकं खाली पडताना. निम्मे चाहते खवळले. "विकला गेला", "म्हातारा झाला", "गळा गेला". ओकरफेल्टने हे ऐकून घेतलं आणि पुढचे तीन अल्बमही ग्राउलशिवायच काढले. इतकी वर्षं स्वतःच्याच लोकांना नाराज ठेवायची हिंमत ड्रीम थिएटरकडे दिसली नाही. २०१६ मध्ये त्यांनीही एक मोठा डाव टाकला: 'द अस्टॉनिशिंग', दोन तासांवर लांबीची, चौतीस तुकड्यांची संगीतिकाच म्हणा. लोकांना ती रुचली नाही. पुढच्या अल्बमात बँड तासाभराच्या आतल्या, ओळखीच्या वाटेवर परत. मला ती संगीतिका स्वतःला कंटाळवाणी वाटते, पण त्यांनी त्या दिशेने आणखी एक पाऊल टाकायला हवं होतं. एका पराभवात रस्ता सोडणं त्यांच्या कौशल्याला शोभलं नाही.

मग २०२४ मध्ये 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'वर ओपेथचं ग्राउल सोळा वर्षांनी परतलं. आता टीकाकार म्हणाले, बघा, शेवटी नमला. मी तो अल्बम ऐकला तेव्हा मला तसं वाटलं नाही. एका धनाढ्य बापाचं मृत्युपत्र मुलांसमोर वाचलं जातंय, अशी कथा. गाण्यांना नावंसुद्धा नाहीत, शेवटचं सोडून बाकी सगळ्यांना कायद्यातल्यासारखे कलमांचे क्रमांक. आणि ते गुरगुरणं मला त्या मेलेल्या बापाचंच वाटतं: जमिनीखालून हिशेब मागणारं. मालमत्तेचे वाद ज्यांनी घरात पाहिलेत त्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल. चाहत्यांना खूश करायला आणलेलं ग्राउल इतकं कथेच्या हाडात बसत नाही.

तर माझा कौल ओपेथला आहे. वादनाच्या तयारीत ते ड्रीम थिएटरच्या जवळपासही नाहीत, हे मान्य करूनच.

पण या कौलापेक्षा मला आपल्याकडच्या स्पर्धांची चिंता जास्त आहे. विद्यापीठाचा युवा महोत्सव असो, कॉलेजचं स्नेहसंमेलन असो की एखाद्या मंडळाने भरवलेली बँडची स्पर्धा, सगळीकडे काही मिनिटांची मर्यादा. तेवढ्यात परीक्षकांवर छाप पाडायची तर काय करणार? पहिल्या तीस सेकंदांत बोटं पळवणार. पोरांचा दोष नाही, व्यवस्थाच तसं शिकवते. अकरा मिनिटं घेऊन, त्यातली पाच जवळजवळ काहीच न करता, श्रोत्याला धरून ठेवणारं गाणं या चौकटीत बसूच शकत नाही. बसवलं तर घंटा वाजते. पाश्चात्य वादनाच्या ग्रेडच्या परीक्षांनी पोरांना शिस्त लागते, स्वरलेखन वाचता येतं, हे चांगलंच आहे. पण ऐकण्याची परीक्षा म्हणजे तिथे फार तर दोन सुरांतलं अंतर ओळखा. लांब रचना पचवायला कुणी शिकवत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. स्पर्धा नसत्या तर या पोरांना मंचच मिळाला नसता. पुण्याला ठिकाणं आहेत, महोत्सव आहेत. सोलापुरात गॅलरीतून टाळी वाजवणारा प्रेक्षक स्पर्धेच्या निमित्तानेच जमतो. दक्षिणेतल्या गोष्टी आणखी वेगळ्या. आयर्न मेडन २००७ मध्ये बेंगळुरूत वाजवून गेला, मेटॅलिका २०११ मध्ये. आपल्या पोरांनी ते मोबाइलवर पाहिलं, किंवा रात्रीच्या गाडीने जाऊन परत सकाळी क्लासला हजर. स्पर्धा बंद करा असं मी म्हणतच नाही. स्पर्धेबाहेर एक संध्याकाळ हवी, एवढीच मागणी आहे. आणि ती वाजवण्याची नाही, ऐकण्याची.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. जुन्या ध्वनिमुद्रिका घेऊन, चार जाणकार बोलवून, शास्त्रीय गायकीची श्रवणसत्रं रसिक मंडळींनी गावोगाव केलेली आहेत. भीमसेन, कुमार, मन्सूर ऐकायला लोक सतरंजीवर दोन-दोन तास बसत, मध्ये चहा, मध्ये थोडा वाद. मेटलला ती सतरंजी का नको? खर्च म्हणाल तर एका छोट्या सभागृहाचं भाडं आणि दोन चांगले स्पीकर. आवाज ५५ डेसिबलच्या आसपासही ठेवता येईल, कारण बंद दाराआड आहे आणि कुणाला छाती हलवायची नाही. मिरवणुकीच्या एका भिंतीच्या भाड्यात अशी कितीतरी सत्रं होतील.

कार्यक्रमाचा क्रमही मी सांगून टाकतो, म्हणजे नंतर समित्यांमध्ये वेळ जायला नको. सुरुवात 'डॅम्नेशन'ने, पूर्ण अल्बम, त्रेचाळीस मिनिटं, मध्ये भाषण नाही. मोबाइल दाराशी. ज्यांना झोप येईल त्यांनी झोपावं. त्या अल्बमला त्याचं वाईट वाटणार नाही. मग चहा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, कारण सोलापुरात रिकाम्या पोटी रसिकता टिकत नाही. त्यानंतर 'द डान्स ऑफ इटर्निटी' दोनदा: पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा एखाद्या तबलजीला पुढे बसवून हाताने मात्रा मोजायला लावून. हे झालं की ड्रीम थिएटरला कसरत म्हणणाऱ्यांचं तोंड आपोआप बंद होईल, कारण मोजता मोजता सभागृहच खेळात सामील होतं. शेवटी 'डिलिव्हरन्स', शेवटच्या फेरीपर्यंत. तिथे मात्र कुणीही मोजायचं नाही.